समतोल विकार : परीक्षा व उपचार यांचा इतिहास

समतोल विकार : शरीराचा तोल राखण्याच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने भोवळ येणे, आसपासच्या वस्तू फिरत असल्याचा भास होणे, चालताना झोक जाणे, अंधारात पाय अडखळणे इ. लक्षणे उत्पन्न होतात. अशा विकारांना समतोल विकार म्हणतात. मराठीत चक्कर, घेरी, भोवळ, भोवंड, डोके गरगरणे असे अनेक शब्द रूढ असून ते पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वैद्यकात मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. वस्तू किंवा स्वतःचे शरीर फिरत असल्याचा भास बहुधा अंतर्कर्णाकडे किंवा त्याच्याशी निगडित मेंदूच्या भागाकडे बोट दाखवितो. डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब उतरल्याचे, हृदयविकाराचे वा रक्तक्षयाचे लक्षण असू शकते. भ्रम नसता केवळ पाय लटपटत असतील, तर तंत्रिकांचे विकार, स्नायूंची दुर्बलता किंवा दृष्टिदोष यांचा विचार करावा लागतो.

या विकारांची परीक्षा व उपचार हा आज श्रवणविज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा एक भाग आहे. ऐकण्याच्या शास्त्रात तोल सांभाळण्याचा विषय कसा आला, याचे उत्तर अंतर्कर्णाच्या रचनेत आणि गेल्या दोनशे वर्षांतील संशोधनाच्या इतिहासात सापडते.

प्राचीन विचार : आयुर्वेदात या लक्षणाला ‘भ्रम’ अशी संज्ञा आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत भ्रमाची गणना केलेली असून सुश्रुतसंहितेत त्याचा संबंध रजोगुण, पित्त व वात यांच्याशी जोडलेला आहे. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा व संन्यास यांचा विचार एकाच प्रकरणात आलेला आहे. भ्रम व मूर्च्छा या भिन्न अवस्था आहेत, हे प्राचीन वैद्यांनी ओळखले होते. तथापि भ्रमाचे मूळ कानात असू शकते, ही कल्पना भारतीय किंवा ग्रीक वैद्यकात आढळत नाही. यूरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोवळ म्हणजे मेंदूत रक्त साचल्याचा परिणाम असे मानून जळवा लावणे, रक्त काढणे यांसारखे उपाय केले जात.

रचना व कार्य : प्रत्येक कानाच्या आतील भागात शंखाकृती श्रवणेंद्रियाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असल्याने डोके कोणत्याही दिशेस वळले, तरी निदान एका नलिकेतील द्रव हलतो. त्यामुळे तेथील केसयुक्त कोशिका वाकून संदेश निर्माण होतो. पिशव्यांतील कोशिकांवर कॅल्शियम कार्बोनेटाचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. त्यांना कर्णवालुका म्हणता येईल. गुरुत्वाकर्षणाची दिशा व सरळ रेषेतील हालचाल यांचे ज्ञान त्यांच्यामुळे होते. हे संदेश श्रवणाच्या संदेशांबरोबर एकाच कर्पर तंत्रिकेतून मस्तिष्क स्तंभाकडे जातात. तेथे डोळे, तसेच पाय व मान यांचे स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांशी त्यांचा मेळ घातला जातो.

डोके एका बाजूस वळताच डोळे तितक्याच वेगाने विरुद्ध बाजूस वळतात. या प्रतिक्षेपामुळे चालताना किंवा धावत्या गाडीतून पाहतानाही दृश्य स्थिर राहते. एका बाजूच्या अंतर्कर्णाचे कार्य अचानक मंदावले, तर डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा चुकीचा संदेश मेंदूस मिळतो. मग डोळे एका बाजूस हळूहळू सरकतात व झटक्याने परत येतात. या पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालीला नेत्रदोल म्हणतात. अंतर्कर्ण कवटीच्या अस्थीत खोल दडलेला असल्याने तो प्रत्यक्ष पाहता येत नाही. नेत्रदोल मात्र पाहता व मोजता येतो. म्हणून समतोलाच्या बहुतेक सर्व परीक्षा वस्तुतः डोळ्यांच्या हालचालींच्या परीक्षा असतात.

शोधांचा प्रारंभ : १८२०–३० या काळात झां प्येर फ्लूरान्स या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या. पक्ष्यांना ऐकू येत राहिले. परंतु जी नलिका छेदली असेल तिच्याच पातळीत त्यांचे डोके हेलकावे खाऊ लागले. या प्रयोगाचा अर्थ त्या वेळी नीट उमगला नाही. पॅरिस येथील मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेन्येर यांनी १८६१ मध्ये एक निबंध सादर केला. कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे व भोवळीचे झटके येणे ही लक्षणे असणाऱ्या रुग्णांचा आजार मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. या विकारास आजही मेन्येर यांचे नाव आहे. बधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या वैद्याने हा शोध लावावा, हे या विषयाच्या पुढील वाटचालीचे जणू पूर्वचिन्ह होते. १८७३ च्या सुमारास एर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉइअर व अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे नलिकांतील द्रवाच्या हालचालीचा सिद्धांत मांडला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये ५१९ मूकबधिरांची गोल फिरवून परीक्षा केल्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील १८६ जणांना मुळीच भोवळ आली नाही. उलट तुलनेसाठी घेतलेल्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांत असा केवळ एकच आढळला. बहिरेपणाबरोबर समतोलेंद्रियही निकामी झालेले असू शकते, हे यावरून दिसून आले. जन्मतः बहिरी असणारी काही मुले उशिरा बसू वा चालू लागतात, त्याचेही एक कारण हेच होय. मुंबईत माझगाव येथे १८८० नंतरच्या दशकात बधिरांसाठी शाळा निघाली व भारतात बधिरांच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. परंतु तेथील व नंतरच्या अशा शाळांतील लक्ष स्वाभाविकच वाचा व शिक्षण यांवर केंद्रित होते. समतोलाचा प्रश्न दीर्घकाळ मागे राहिला.

बारानी यांचे कार्य : व्हिएन्नातील कर्णरोगतज्ज्ञ रोबेर्ट बारानी हे रुग्णांचे कान पाण्याने धूत असता अनेकांना भोवळ येते, असे त्यांना आढळले. पाणी पुरेसे ऊन नसल्याची तक्रार एका रुग्णाने केली. म्हणून त्यांनी अधिक ऊन पाणी वापरले, तेव्हा नेत्रदोलाची दिशा उलटली. थंड व उष्ण पाण्यामुळे नलिकेतील द्रवात अभिसरण प्रवाह निर्माण होतात, हे त्यांनी ताडले व १९०६ मध्ये या परीक्षेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एका वेळी एकाच कानातील नलिकेचे कार्य तपासण्याचे साधन यामुळे प्रथमच हाती आले. या कार्याबद्दल बारानी यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ते जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली व पुढे त्यांनी अप्साला येथे काम केले. १९८३ मध्ये अवकाशातील स्पेसलॅब प्रयोगशाळेत, म्हणजे वजनरहित अवस्थेत, ही परीक्षा केली असताही नेत्रदोल उत्पन्न झाला. त्यामुळे अभिसरण हे एकमेव कारण नसावे, असे दिसून आले. परीक्षेची उपयुक्तता मात्र त्यामुळे कमी झाली नाही.

लंडन येथे फिट्सजेरल्ड व हॅलपाइक यांनी १९४२ मध्ये या परीक्षेला निश्चित रूप दिले. शरीराच्या तापमानाहून ७° से. कमी व ७° से. अधिक, म्हणजे ३०° व ४४° से. तापमानाचे पाणी प्रत्येक कानात ४० सेकंद सोडून नेत्रदोल किती वेळ टिकतो हे ते मोजीत. दोन्ही कानांची तुलना करता येणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. पुढे डोळ्याच्या पुढील व मागील भागांत असणाऱ्या विद्युत् वर्चोभेदाचा उपयोग करून, कपाळावर व डोळ्यांच्या कडांना विद्युत् अग्रे लावून, नेत्रदोलाचा आलेख कागदावर घेता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची जागा बव्हंशी अवरक्त प्रकाशावर चालणाऱ्या चलच्चित्रकाने घेतली.

स्ट्रेप्टोमायसिन व समतोल : स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ मध्ये लागला व क्षयरोगावर पहिले प्रभावी औषध मिळाले. परंतु थोड्याच काळात ते अंतर्कर्णातील केसयुक्त कोशिकांना, विशेषतः समतोलेंद्रियाला, अपाय करू शकते असे आढळून आले. अशा रुग्णांत दोन्ही बाजू सारख्याच निकामी होत असल्याने गरगरणारी भोवळ क्वचितच येते. रुग्णाला अंधारात चालता येत नाही व पाऊल टाकताना समोरचे दृश्य उड्या मारताना दिसते. एका अमेरिकन डॉक्टराला स्वतःलाच हा अपाय झाला होता. त्याने १९५२ मध्ये आपल्या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्यांनीही अक्षरे हलत असल्याने त्याला डोके पलंगाच्या दांड्यांत घट्ट टेकवून ठेवावे लागे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या औषधाचा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तेथे प्रथम पेनिसिलीन व १९६० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. या औषधाने असंख्य प्राण वाचले हे निर्विवाद आहे; पण बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी काहींना कायमचा तोल गमवावा लागला. ‘अशक्तपणा’ किंवा ‘वय झाले’ या शब्दांत त्यांची तक्रार सहज विरून जात असे. कारण रुग्णाचा रंग परतलेला व वजन वाढलेले असे, आणि बहिरेपण नसल्यास कानाकडे कोणाचे लक्ष जात नसे. पुढे पोटात घेण्याची प्रभावी औषधे मिळाल्यावर क्षयरोगात या वर्गातील इंजेक्शनांचा वापर पुष्कळ कमी झाला. याच वर्गातील जेंटामायसिन मात्र इतर संसर्गांत अजून वापरले जाते, म्हणून ही जोखीम केवळ इतिहासजमा झालेली नाही. या दुष्परिणामाचा काही वैद्यांनी उपचारासाठीही उपयोग केला. मेन्येर विकारात वारंवार झटके आणणाऱ्या कानाचे समतोलकार्य बंद पाडण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन व नंतर जेंटामायसिन वापरण्यात आले.

श्रवणविज्ञानाचा उदय : दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकेत लष्करी रुग्णालयांत केंद्रे निघाली व त्यांतून श्रवणविज्ञान ही स्वतंत्र शाखा उदयास आली. भारतात १९६० नंतरच्या दशकात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. मुंबईतील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यक महाविद्यालय व नायर रुग्णालय हे त्याचे एक आद्य केंद्र होय. १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्रे (मुंबई) येथे राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था सुरू होऊन तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. आता तिच्या नावात वाक् व श्रवण दिव्यांगजन या शब्दांचा समावेश आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये या व्यवसायाच्या शिक्षणाला व नोंदणीला वैधानिक चौकट मिळाली.

या संस्थांचा मूळ हेतू बहिरेपण व वाचादोष यांचे निवारण हा होता. परंतु श्रवणाची व समतोलाची इंद्रिये एकाच अस्थिगुहेत असल्याने, ध्वनिरोधक खोली, विद्युत् मापनाची साधने व कानाची तपासणी यांत तरबेज झालेली व्यक्तीच समतोलाची मोजणी करण्यास योग्य ठरली. निदान व औषधयोजना वैद्याने करावी, परीक्षा व व्यायामांचे मार्गदर्शन श्रवणतज्ज्ञाने करावे, अशी विभागणी हळूहळू रूढ झाली. १९९० नंतर मानेच्या स्नायूंतील प्रतिसादावरून पिशव्यांचे कार्य तपासण्याची पद्धती प्रचारात आली. हाल्माजी व कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या शिरोझटका परीक्षेत रुग्णाने समोर नजर स्थिर ठेवावयाची असते व परीक्षक त्याचे डोके अचानक थोडे वळवितो. दोष असल्यास नजर लक्ष्यावरून ढळून मागाहून परत येते.

स्थितिजन्य भोवळ : अंथरुणात कूस बदलताना, उठताना वा वर पाहताना काही सेकंद तीव्र भोवळ येणे हा समतोलाचा सर्वांत जास्त आढळणारा विकार आहे. बारानी यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. मार्गारेट डिक्स व हॅलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याची परीक्षा निश्चित केली. रुग्णाचे डोके ४५° वळवून त्याला चटकन उताणे निजवितात व डोके खाटेच्या कडेखाली थोडे लोंबते ठेवतात. काही सेकंदांनी नेत्रदोल सुरू होतो व सर्वसाधारणतः एका मिनिटाच्या आत थांबतो. या परीक्षेस खाट व निरीक्षकाचे डोळे यांपलीकडे काही लागत नाही.

पिशवीतील कर्णवालुका सुटून नलिकेत शिरते, हे या विकाराचे कारण आहे. शुक्नेख्ट यांनी १९६९ मध्ये हे कण नलिकेतील संवेदक भागास चिकटतात असे सुचविले. ते नलिकेत मोकळे फिरतात, हे मत १९७९ मध्ये पुढे आले. ब्रांट व डॅरॉफ यांनी १९८० मध्ये व्यायामाची आणि सेमाँ यांनी १९८८ मध्ये शरीर झटक्याने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर नेण्याची पद्धती प्रसिद्ध केली. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी डोके क्रमाक्रमाने वळवून कण पुन्हा पिशवीत नेण्याची पद्धती १९८० च्या सुमारास मांडली. तिच्यावर प्रारंभी समव्यावसायिकांचा विश्वास बसला नाही व तिचे सविस्तर वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मिनिटांच्या या क्रियेने बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो. काहींत ती पुन्हा करावी लागते. या विकारावर औषधाच्या गोळ्यांचा मूळ कारणाच्या दृष्टीने उपयोग होत नाही.

व्यायामोपचार : एका कानाचे कार्य गेले, तरी मेंदू दुसऱ्या कानाच्या, डोळ्यांच्या व पायांच्या संवेदनांवरून तोल पुन्हा शिकतो. या क्रियेस प्रतिपूर्ती म्हणतात. लंडनमधील कॉथॉर्न व कुक्सी यांनी १९४० नंतरच्या दशकात तिला साहाय्यभूत अशी व्यायाममाला तयार केली. तीत प्रथम डोळ्यांच्या, नंतर डोक्याच्या हालचाली, मग बसून-उठून, चेंडू झेलून व जिना चढून करावयाचे व्यायाम येतात. भोवळ आणणाऱ्या हालचाली टाळण्याऐवजी त्या ठरावीक प्रमाणात कराव्यात, हे त्यांचे सूत्र होय. वांती व भोवळ दाबणारी औषधे (उदा., प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन) तीव्र झटक्यात काही दिवस उपयोगी पडतात. ती महिनोन्‌महिने घेतल्यास प्रतिपूर्ती लांबते व वृद्धांत कंपवातासारखी लक्षणे उद्‌भवू शकतात.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : ठाणे जिल्ह्यातील या तीन शहरांच्या उदाहरणावरून वरील इतिहासाचे व्यावहारिक महत्त्व ध्यानात येते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ होता. फाळणीनंतर तेथील बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. १९५३ मध्ये अंबरनाथ येथे संरक्षणखात्याचा यंत्रसामग्रीचा कारखाना उभा राहिला. पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती होऊन त्यांत रासायनिक उद्योगही आले. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने श्रवणेंद्रियास इजा होते. टोल्यूइन, स्टायरीन यांसारखी सेंद्रिय द्रावके श्रवण व समतोल या दोहोंवर परिणाम करू शकतात. त्यामुळे अशा उद्योगांतील कामगारांच्या श्रवणपरीक्षेबरोबर तोलाची विचारपूसही उपयुक्त ठरते.

येथील रुग्णांना श्रवणविज्ञानाच्या मुंबईतील जुन्या केंद्रांकडे जाण्यासाठी मध्य रेल्वेने सुमारे ५५ ते ७० किमी. प्रवास करावा लागतो. भोवळीच्या रुग्णाला गर्दीच्या उपनगरी गाडीत चढणे, उभे राहणे व जिने उतरणे हे कष्टाचेच नव्हे, तर धोक्याचेही असते. शिवाय झटक्याच्या वेळी दिसणारा नेत्रदोल रुग्ण मुंबईस पोहोचेपर्यंत पुष्कळदा नाहीसा झालेला असतो व परीक्षेत काहीच आढळत नाही. म्हणून समतोल विकारांत रुग्णाच्या घराजवळ व वेळेवर झालेली साधी परीक्षा ही दूरच्या ठिकाणी उशिरा झालेल्या यांत्रिक परीक्षेइतकीच किंवा तीहून अधिक मोलाची ठरू शकते. रुग्णास आपले लक्षण स्वतःच्या भाषेत सांगता येणे हेही तितकेच आवश्यक आहे. कारण फिरणे, अंधारी येणे व लटपटणे यांतील फरक शब्दांवाचून कळत नाही. मराठी, सिंधी, हिंदी इ. भाषा बोलणाऱ्या या परिसरात ही गोष्ट विशेषेकरून लागू पडते.

बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला व जिल्हा पातळीवर श्रवणसेवा नेण्याचे उद्दिष्ट मान्य झाले. त्याचा मुख्य रोख ऐकण्यावर आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी अंबरनाथ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. त्यामुळे या तीन शहरांच्या परिसरातच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अशा रुग्णांची परीक्षा शिकविण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

धोक्याची चिन्हे : भोवळीबरोबर बोलण्यात अडथळा, एक वस्तू दोन दिसणे, हातापायात बळ नसणे, नवी तीव्र डोकेदुखी किंवा आधाराशिवाय बसता न येणे यांपैकी काही असल्यास मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याचा संशय घेऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सतत टिकणाऱ्या तीव्र भोवळीत शिरोझटका, नेत्रदोलाची दिशा व डोळ्यांची उभी पातळी या तीन गोष्टी तज्ज्ञाने तपासल्यास पक्षाघात प्रारंभीच ओळखता येतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

समतोल विकारांच्या इतिहासात किमती यंत्रांचा वाटा मोठा असला, तरी त्यांतील निर्णायक पावले कान धुण्याचे पाणी, एक खाट व सावध निरीक्षण यांच्या बळावर पडलेली आहेत. वृद्धांत पडणे व त्यातून होणारा मांडीच्या अस्थीचा भंग हे परावलंबनाचे एक प्रमुख कारण आहे. ज्या भोवळीचे निदान व निवारण काही मिनिटांत होऊ शकते, ती ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून देणे रुग्णाला महाग पडते.